कमी नत्रात रोप पिवळे पडते ते नत्राअभावी, की साखरेच्या संकेतामुळे? जिन२ म्यूटंटच्या प्लेट्सबद्दल मदत हवी

पर्णरंध्र

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी प्रयोगांत नेहमी वापरतात त्या छोट्या रोपात, म्हणजे अ‍ॅरॅबिडॉप्सिसमध्ये साखरेची पातळी ओळखणारी जनुके आणि कमी नत्राला रोपाने दिलेला प्रतिसाद यांचा संबंध तपासायचा आहे. प्रयोगशाळा मुंबईत, कॉलेजची आहे. एक छोटा ग्रोथ चेंबर, लॅमिनार, स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि वेळ मिळाला तर क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजण्याची पद्धत), एवढी सोय आहे. हाताशी जिन२-१ चे बी आहे, म्हणजे हेक्सोकायनेज १ (पुढे एचएक्सके१) काम करत नाही तो म्यूटंट. कंट्रोल म्हणून कोल-० (कोलंबिया, नेहमीची बदल नसलेली जात) घेतले आहे.

सध्याची मांडणी अशी: अर्ध्या ताकदीचा एमएस (मुराशिगे-स्कूग) मीडिया, ०.८ टक्के अगार, पीएच ५.७. भरपूर नत्राच्या प्लेटमध्ये नेहमीचे क्षार. कमी नत्राच्या प्लेटमध्ये अमोनियम नायट्रेट अजिबात नाही आणि पोटॅशियम नायट्रेट फक्त ०.३ मिलीमोलर. दोन्हींचे पुन्हा दोन भाग, सुक्रोज शून्य आणि सुक्रोज ३ टक्के. दहाव्या दिवशी निरीक्षण.

साखर नसलेल्या कमी नत्राच्या प्लेटवर कोल-० आणि जिन२ सारखेच दिसतात: लहान आणि फिके. ३ टक्के सुक्रोज असलेल्या कमी नत्राच्या प्लेटवर कोल-० ची बीजपत्रे खुंटलेली आणि जांभळी, खरी पाने जेमतेम डोकावतात. जिन२ बरेच हिरवे, पानेही फुटलेली, पण देठ आणि पानांची मागची बाजू जांभळीच.

आता अडचण अशी. एचएक्सके१ नसल्यामुळे रोप हिरवे राहिले म्हणायचे, तर जांभळेपणा का गेला नाही? आणि साखर नसताना फरक दिसत नाही, म्हणजे एचएक्सके१ चा कमी नत्राशी संबंधच नाही असे समजायचे का? मार्गदर्शन करावे.

मूलरोम

प्रश्न चांगला मांडलाय, पण अर्थ लावण्याआधी एक गोष्ट बदलावी लागेल. जिन२-१ हा लँड्सबर्ग इरेक्टा (लेर) पार्श्वभूमीतला म्यूटंट आहे. त्याचा कंट्रोल लेरच हवा. कोल-० आणि लेर यांची नत्राची गरज, मुळांची वाढ आणि सुक्रोजने येणारा जांभळेपणा हे सगळे मुळातच वेगळे आहे. आज तुमच्या प्लेटवर जो फरक दिसतोय त्यातला किती एचएक्सके१ चा आणि किती दोन जातींमधला, हे सांगता येणार नाही. कोल-० च वापरायचे असेल तर एचएक्सके१ मध्ये टी-डीएनए (बाहेरून घातलेला डीएनएचा तुकडा) शिरून ते बंद पडलेली कोल-० मधली ओळ, म्हणजे तशा झाडांचा वंश, मिळवावी.

बी खरोखर जिन२ आहे का, याची खात्री आधी करून घ्या. अर्ध्या एमएसवर ६ टक्के ग्लुकोज (सुमारे ३३३ मिलीमोलर) घाला. लेरची बीजपत्रे उघडत नाहीत, हिरवी होत नाहीत. जिन२ हिरवे होऊन पुढे वाढते. शेजारी तेवढ्याच मोलॅरिटीची मॅनिटॉलची प्लेट ठेवा, म्हणजे हा नुसता पाण्याचा ताण नाही हेही दिसेल.

आता मूळ मुद्दा. नत्र कमी झाले की रोप उपाशी पडते अशी आपली कल्पना असते. कार्बनच्या बाजूने पाहिले तर परिस्थिती उलटी आहे. प्रकाशसंश्लेषण चालू असते, पण अमिनो आम्ले आणि प्रथिने बनवायला नत्र नाही, वाढ मंदावलेली, म्हणून तयार झालेल्या साखरेला गिऱ्हाईक उरत नाही. पानात सुक्रोज, ग्लुकोज आणि स्टार्च साठतात. म्हणजे रोपाला एकाच वेळी दोन परस्परविरोधी निरोप जातात: कार्बन मुबलक आहे आणि नत्र नाही. रोप प्रतिसाद देते ते या दोहोंच्या गुणोत्तराला. म्हणून कमी नत्राचा परिणाम साखरेपासून सुटा करून मोजायला गेलात की गोंधळ होणारच.

पिवळेपणाकडे या नजरेने पाहा. ग्लुकोज वाढले की एचएक्सके१ प्रकाशसंश्लेषणाची जनुके (कॅब, आरबीसीएस) दाबते. हे काम ते केंद्रकात करते, व्हीएचए-बी१ आणि आरपीटी५बी या दोन प्रथिनांच्या सोबतीने. जेन शीन यांच्या गटाने २००३ साली दाखवलेला मुद्दा इथे कळीचा आहे: ग्लुकोजवर फॉस्फेट चढवण्याची क्षमता घालवलेले एचएक्सके१ (एस१७७ए आणि जी१०४डी हे दोन बदल) जिन२ मध्ये परत घातले तरी साखरेची जाणीव परत येते. म्हणजे ग्लुकोज जाळणे आणि ग्लुकोज ओळखणे ही दोन कामे एकाच प्रथिनात असली तरी वेगळी करता येतात. कमी नत्र आणि भरपूर साखर असताना लेरचे रोप जे फिके पडते, त्यात नत्राअभावी हरितद्रव्य न बनण्याचा वाटा असतो आणि एचएक्सके१ ने जनुके दाबण्याचाही वाटा असतो. जिन२ मध्ये दुसरा वाटा जातो, पहिला राहतो. म्हणूनच ते हिरवे राहिले तरी भरपूर नत्रातल्याइतके हिरवे होत नाही.

जांभळेपणाचा रस्ता निराळा आहे. अँथोसायनिन बनवणारी जनुके पीएपी१ (एमवायबी७५) या नियंत्रकाच्या हाताखाली असतात आणि पीएपी१ ला चालना मुख्यतः सुक्रोजच देते. तेवढाच ग्लुकोज दिला तर परिणाम बराच कमी. दुसरीकडे नायट्रेट असताना एलबीडी३७, ३८ आणि ३९ ही प्रथिने पीएपी१ ला दाबून ठेवतात. तुमच्या प्लेटवर सुक्रोज भरपूर आणि नायट्रेट नाममात्र, म्हणजे चालना चालू आणि लगाम सुटलेला. यात एचएक्सके१ अनिवार्य नाही. तेव्हा ‘हिरवे पण जांभळे’ हा तुमचा निकाल विसंगत नाही. दोन वेगळ्या वाटा एका रोपावर दिसत आहेत इतकेच. माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचा सर्वांत चांगला भाग हाच होऊ शकतो.

साखर नसलेल्या प्लेटवर फरक का नाही, यालाही कारण आहे. बंद प्लेट, मंद प्रकाश, दहा दिवसांचे रोप. आतली साखर इतकी साठतच नाही की एचएक्सके१ ने बोलावे. त्यातून प्लेट पॅराफिल्मने सीलबंद असेल तर दिवसा आतला कार्बन डायऑक्साइड खाली जातो आणि प्रकाशसंश्लेषण आणखी मंदावते. मायक्रोपोर टेप लावा. प्रकाश वाढवून आतली साखर वाढवता येते, पण तीव्र प्रकाशात जिन२ भरपूर नत्रावरही खुरटे राहते, त्यामुळे त्या प्रकाशातली भरपूर नत्राची प्लेट सोबत नसेल तर निकाल वाचता येणार नाही.

तिसरा_कोंब

मूलरोम यांनी लिहिले त्याला पूरक म्हणून मीडियाबद्दल लिहितो, कारण तिथेही एक मोठी गफलत दडलेली आहे. अर्ध्या एमएसमध्ये पोटॅशियम नायट्रेट ९.४ मिलीमोलर असते. ते ०.३ वर आणले की नत्राबरोबर पोटॅशियमही दहापासून साधारण ०.९ मिलीमोलरवर येते (जे उरते त्यातले बरेचसे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटमधले). मग प्लेटवर जे दिसते ते कमी नत्र आणि कमी पोटॅशियम यांची बेरीज. पोटॅशियम क्लोराइडने भरपाई करायलाच हवी.

दुसरे, भरपूर नत्राच्या प्लेटमध्ये अमोनियम आहे आणि कमी नत्राच्या प्लेटमध्ये नाही. म्हणजे नत्राचे प्रमाण आणि प्रकार दोन्ही बदलले. अमोनियम शोषताना मुळे प्रोटॉन सोडतात, मीडिया आंबट होतो, आणि मुळांची रचनाही बदलते. दोन्हीकडे फक्त नायट्रेट ठेवा. शिवाय अमोनियम नायट्रेट आपल्याकडे २०१२ च्या नियमांखाली नियंत्रित रसायन आहे, खरेदीचे कागद वाढतात. प्रयोगातून ते वगळणे सर्वच बाजूंनी सोयीचे.

एक लिटरसाठी असे करा. कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २२० मिग्रॅ, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट १८५ मिग्रॅ, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ८५ मिग्रॅ, एमएसचे सूक्ष्म क्षार आणि आयर्न ईडीटीए अर्ध्या ताकदीने, एमईएस (पीएच स्थिर ठेवणारे बफर) ०.५ ग्रॅम. पीएच ५.७ पोटॅशियम हायड्रॉक्साइडने, आणि सर्व प्लेट्सना जवळपास सारखेच थेंब लागतील याकडे लक्ष. १ मोलर पोटॅशियम नायट्रेट (१०.११ ग्रॅम १०० मिलीत) आणि १ मोलर पोटॅशियम क्लोराइड (७.४६ ग्रॅम १०० मिलीत) असे दोन स्टॉक बनवा. भरपूर नत्र: नायट्रेट स्टॉक १० मिली. कमी नत्र: नायट्रेट ०.३ मिली आणि क्लोराइड ९.७ मिली. मधली एक पायरी, १ मिली आणि ९ मिली, जरूर ठेवा. दोनच टोके असली की प्रतिसाद सरळ रेषेत वाढतो की मध्येच उडी घेतो ते कळत नाही. जीवनसत्त्वांचे तयार मिश्रण घालू नका. एमएसच्या मिश्रणात ग्लायसिन असते आणि तेही नत्रच.

अगारबद्दल: साध्या अगारमध्ये नत्राचे अंश असतात. १० मिलीमोलरच्या प्लेटला त्याने काही होत नाही, पण ०.३ वर ते जाणवू शकतात, आणि पाकिटागणिक बदलतात. अगारोज परवडत असेल तर उत्तम. नाहीतर मोजलेला अगार डीआयोनाइज्ड पाण्यात ढवळून, बसू देऊन, वरचे पाणी टाकून द्या. असे दोनतीनदा केले की बरेच अंश निघून जातात. सर्व प्लेट्स एकाच पाकिटातून आणि एकाच दिवशी ओता.

साखर ऑटोक्लेव्हमध्ये क्षारांसोबत घालू नका. सुक्रोजचे थोडे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि तुमचा प्रश्नच सुक्रोज की ग्लुकोज असा आहे. साखरेचा तीव्र स्टॉक ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा आणि मीडिया ५५ अंशांच्या आसपास आल्यावर मिसळा. टक्क्यांत न बोलता मोलॅरिटीत बोला: ३ टक्के सुक्रोज ८८ मिलीमोलर होते, पण ३ टक्के ग्लुकोज १६७. तुलना करायची तर दोन्ही ९० मिलीमोलर घ्या, म्हणजे लिटरला सुक्रोज ३०.८ ग्रॅम, ग्लुकोज १६.२ ग्रॅम, आणि मॅनिटॉल १६.४ ग्रॅम. मॅनिटॉलची प्लेट सर्व नत्रपातळ्यांवर हवीच. सॉर्बिटॉलपेक्षा मॅनिटॉल बरे, कारण सॉर्बिटॉल रोप थोडेफार वापरू शकते.

बियांबद्दलही सांगायला हवे. बियांत साठवलेल्या प्रथिनांतून रोपाला पहिले काही दिवस नत्र मिळते. आईझाड कोणत्या मातीत वाढले त्यावर हा साठा ठरतो. लेर आणि जिन२ ची झाडे एकाच ट्रेमध्ये, एकाच वेळी वाढवून, एकाच आठवड्यात काढलेले बी वापरा. नाहीतर मोजायला निघालात जनुक आणि मोजून झाली कुंडीतली माती, असे होईल.

पर्णरंध्र

दोघांचेही मनापासून आभार. पोटॅशियमचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. लेरचे बी मागवले आहे आणि मीडिया वरीलप्रमाणे बदलतो.

दोन गोष्टी अजून विचारतो. क्यूपीसीआरमध्ये सहासात जनुकेच परवडतील; कोणती घ्यावीत? आणि एसएनआरके१, टीओआर, ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट यांचा या चित्रात नेमका कुठे संबंध येतो? वाचताना सगळेच एकमेकांना दाबतात असे वाटते.

मूलरोम

आधी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण जनुकांची निवड त्यावरच ठरते.

ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट हा सुक्रोजच्या पातळीचा दर्शक. सुक्रोज वाढले की तोही वाढतो. तो बनवणारे मुख्य जनुक टीपीएस१. ते पूर्ण बंद झाले तर अ‍ॅरॅबिडॉप्सिसचा भ्रूणच पक्व होत नाही, म्हणून सरळ नॉकआउट वापरता येत नाही. हा रेणू वाढत्या कोवळ्या भागांत एसएनआरके१ ला दाबतो. एसएनआरके१ (त्याचा क्रियाशील घटक केआयएन१०) हा टंचाईतला कारभारी आहे: साखर संपली की वाढीची जनुके बंद करतो आणि साठे मोडायला लावतो. टीओआर त्याच्या उलट बाजूला. ग्लुकोज आणि नत्र दोन्ही असतील तर वाढ चालू ठेवतो.

आता कमी नत्रात काय होईल? साखर साठलेली, म्हणून एसएनआरके१ दबलेला असायला हवा. पण नत्र नाही, म्हणून टीओआरला पूर्ण चालना मिळत नाही. म्हणजे कमी नत्राचे रोप आणि अंधारात ठेवून साखर संपवलेले रोप, दोन्ही खुंटलेले दिसतात, तरी आतली स्थिती वेगळी असते. हे एका जनुकाने तपासता येते: डीआयएन६ (एएसएन१ म्हणूनही ओळखतात, जनुक क्रमांक एटी३जी४७३४०). साखर संपली की ते कित्येक पटींनी वाढते. तुमच्या कमी नत्र अधिक सुक्रोज प्लेटवर ते खाली असायला हवे. वर आले, तर रोपांना अंधार लागला होता किंवा काढणीत घोळ झाला, असे आधी समजा.

वार्धक्याच्या बाजूनेही याला आधार आहे. पूर्ण वाढलेल्या झाडांत कमी नत्रासोबत ग्लुकोज दिला की पाने लवकर म्हातारी होतात, एसएजी१२ प्रचंड वाढते. जिन२ मध्ये हे उशिरा होते. ई. कोलायचे ओटीएसबी जनुक घालून ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट कमी केलेल्या झाडांतही वार्धक्य लांबते. पण दहा दिवसांच्या रोपात एसएजी१२ शोधू नका. ते पिकत्या पानाचे जनुक आहे.

नायट्रेटच्या बाजूने एनएलपी७. हे प्रथिन स्वतः नायट्रेटला चिकटून त्याची जाणीव करून देते, हे २०२२ मध्ये दाखवले गेले. त्याच सुमारास हेही पुढे आले की साखर संपलेली असताना केआयएन१० त्यावर फॉस्फेट चढवते, मग ते केंद्रकाबाहेर राहते आणि मोडले जाते. म्हणजे घरात साखर नसेल तर नायट्रेट असूनही त्याचा प्रतिसाद मंदावतो. साखर नसलेल्या तुमच्या प्लेटवर भरपूर नत्र देऊनही रोप फार मोठे होत नसेल, तर त्याचे एक कारण इथे असू शकते.

माझी निवड: कॅबपैकी एक, सीएचएस (अँथोसायनिनच्या वाटेवरचे), पीएपी१, डीआयएन६, एनआयए१ (नायट्रेट रिडक्टेजचे) आणि एनआरटी२.१ (नायट्रेट आत घेणारे). एनआरटी२.१ (एटी१जी०८०९०) विशेष जपून वाचा. कमी नत्र त्याला वाढवते आणि साखरही वाढवते. शिवाय साखरेचा हा परिणाम एचएक्सके१ च्या संकेतावर अवलंबून नसून ग्लुकोज-६-फॉस्फेट पुढे पेंटोज फॉस्फेट मार्गात जाण्यावर अवलंबून असतो. जिन२ मध्ये ते बदलले, तर तो जाणिवेचा परिणाम की चयापचयाचा, हे जिन२ एकटा सांगू शकणार नाही. त्यासाठी वर सांगितलेल्या, फॉस्फेट न चढवणाऱ्या एचएक्सके१ च्या ओळी लागतात. संदर्भ जनुक म्हणून अ‍ॅक्टिनऐवजी पीपी२ए (एटी१जी१३३२०) आणि सोबत आणखी एक घ्या. साखर आणि नत्र बदलताना अ‍ॅक्टिन स्थिर राहीलच असे नाही.

काढणीची वेळ सर्वांत जास्त नडते. रोपातली साखर पहाटे किमान आणि संध्याकाळी कमाल असते, आणि यातली बरीच जनुके घड्याळावरही चालतात. दिवे लागल्यापासून ठरावीक तासाने, उदाहरणार्थ चार तासांनी, सर्व नमुने अर्ध्या तासात काढा. प्रत्येक प्रकारातली एकेक प्लेट आळीपाळीने घ्या, म्हणजे उशीर सगळ्यांत सारखा वाटला जाईल. प्लेट चेंबरबाहेर काढून टेबलावर रांगेत मांडून ठेवू नका.

तिसरा_कोंब

मोजमापाबद्दल थोडे. अँथोसायनिन: ५० मिग्रॅ ताजी रोपे, १ मिली मिथेनॉलमध्ये १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल, रात्रभर ४ अंशांवर अंधारात, मग सेंट्रिफ्यूज. ५३० नॅनोमीटरवरच्या वाचनातून ६५७ च्या वाचनाचा पाव भाग वजा करा आणि वजनाने भागा. हरितद्रव्य: ८० टक्के अ‍ॅसिटोन, ६४५ आणि ६६३ वर वाचन. एकूण हरितद्रव्य मिग्रॅ प्रति लिटर म्हणजे २०.२ गुणिले ६४५ चे वाचन अधिक ८.०२ गुणिले ६६३ चे वाचन. आकडे प्रति ग्रॅमसोबत प्रति रोपही द्या. साखरेच्या प्लेटवर रोपात स्टार्च भरतो आणि प्रति ग्रॅम हरितद्रव्य आपोआप कमी दिसते, तेव्हा एकाच मापावर विसंबू नये.

स्टार्च तर नक्की पाहा, खर्च जवळजवळ शून्य. रात्र संपताना, दिवे लागण्याआधी रोपे गरम ८० टक्के इथेनॉलमध्ये रंगहीन करा आणि आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडमध्ये बुडवा. भरपूर नत्राच्या रोपांनी रात्रभरात स्टार्च वापरलेला असतो, कमी नत्राच्या रोपांत तो उरतो. ‘साखरेला गिऱ्हाईक नाही’ हे मूलरोम यांचे म्हणणे डोळ्यांनी दिसते. ही तपासणी बाहेरून साखर न घातलेल्या प्लेटवर करा.

प्लेट्स उभ्या ठेवत असाल तर बीजपत्रे अगारला टेकतात का ते बघा. टेकलेली पाने मीडियातले सुक्रोज थेट शोषतात, आणि त्याने पार्श्वमुळांची संख्यासुद्धा बदलते. सुक्रोज जास्त आणि नायट्रेट कमी असेल तर पार्श्वमुळे फुटणेच दबते; या दाबाला न जुमानणारा एक म्यूटंट शोधला तेव्हा बिघाड एनआरटी२.१ मध्येच सापडला होता. मुळे मोजणार असाल तर टेकलेली रोपे वेगळी नोंदवा.

आकडेवारीत प्लेट हे एकक धरा, रोप नव्हे. एका प्लेटवर दोन्ही जाती अर्ध्या-अर्ध्या, प्रत्येक मीडियाच्या किमान पाच प्लेट्स, आणि चेंबरमधल्या जागा रोज बदला. विश्लेषणात जात, नत्र आणि साखर हे तिन्ही घटक परस्परक्रियेसह घ्या. ‘जिन२ कमी नत्रात हिरवे’ हे सिद्ध होऊन पुरेसे नाही. साखर असताना नत्र कमी केल्याने लेरमध्ये किती घट झाली, जिन२ मध्ये किती, आणि साखर नसताना हाच फरक किती, हे तुमचे उत्तर.

खारभूमी

मुंबईच्या हवेबद्दल. अ‍ॅरॅबिडॉप्सिसला २२ अंश लागतात. २७–२८ च्या वर देठ लांबतात, फुलोरा लवकर येतो आणि साखरेचा हिशोबही बदलतो, कारण उष्ण रात्री श्वसन वाढते. चेंबर रात्री बंद पडत असेल, तर सकाळच्या रोपावरून ते लक्षात येणार नाही. कमाल-किमान तापमापक आत ठेवा. पावसाळ्यात प्लेटच्या झाकणावर पाणी धरते आणि टेपच्या कडेने बुरशी शिरते. प्लेट ओतल्यावर लॅमिनारमध्ये झाकण तिरके ठेवून पुरेशी सुकवा. कॅल्शियम क्लोराइडचा डबा उघडा राहिला की दमट हवेत पाणी ओढतो आणि वजन चुकते. स्टॉक कोरड्या दिवसांतच बनवून ठेवलेला बरा. एलईडी पट्ट्या आणि टायमर लोहार चाळीत मिळतात, पण प्रकाश रोपाच्या उंचीवर मोजा, १०० मायक्रोमोलच्या आसपास.

चेंबर साथ देत नसेल तर भात हा सशक्त पर्याय आहे, आपल्या हवेत सहज वाढतो. कर्जतच्या संशोधन केंद्रातले एखादे वाण घ्या. योशिदा द्रावणात (भातासाठीचे नेहमीचे पोषक द्रावण) नत्र ४० पीपीएम असते, म्हणजे साधारण २.९ मिलीमोलर, कमी नत्रासाठी त्याचा दहावा भाग, बाकी क्षार तेवढेच. पीएच ५ ठेवा आणि दर दोनतीन दिवसांनी तपासा. भाताला अमोनियम आवडते, पण त्याने द्रावण झपाट्याने आंबट होते. नळाचे पाणी वापरू नका.

भातात ओएसएचएक्सके५ आणि ओएसएचएक्सके६ ही साखर ओळखणारी हेक्सोकायनेज आहेत. आणखी एक सुंदर व्यवस्था भाताच्या अंकुरात दिसते: साखर कमी झाली की एसएनआरके१ए आणि एमवायबीएस१ यांच्यामार्फत अल्फा अमायलेजची जनुके चालू होतात, आणि नत्राची टंचाईही त्याच एमवायबीएस१ कडे येऊन मिळते. एका स्विचवर दोन टंचाया. अमायलेज मोजायला आयोडीन आणि स्टार्च पुरतात, त्यामुळे कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा भाग क्यूपीसीआरशिवायही जमतो.

बांधावरून

वाचतोय, फार उपयुक्त चर्चा. एक व्यवहारातला प्रश्न: भात पिवळा पडला की आमच्याकडे गूळपाणी फवारायला किंवा ओतायला सांगतात. साखरेचा संकेत एवढा महत्त्वाचा असेल तर त्याने फायदा व्हायला हवा ना?

खारभूमी

नत्र कमी असलेल्या भाताला गूळ देणे म्हणजे आधीच जास्त असलेली बाजू वाढवणे. वर चर्चा झाली तशी त्या पानात साखर साठलेलीच असते. मातीत ओतलेल्या गुळावर जिवाणू वाढतात, आणि वाढताना मातीतले उरलेसुरले नायट्रेट आणि अमोनियम तेच बांधून ठेवतात. काही दिवस पिकाला नत्र आणखी कमी मिळते. पानावर फवारलेला गूळ आत फारसा शिरत नाही आणि बुरशीला आमंत्रण देतो. पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असेल आणि पर्णरंग तक्त्यावर पान फिके येत असेल तर युरिया (४६ टक्के नत्र) हप्त्याने द्या, पाणी बेताचे असताना. कोवळी पाने आधी पिवळी पडत असतील तर ते नत्र नव्हे. लोह किंवा गंधक तपासा.

फवारणीतून साखरेचा संकेत बदलण्याचा प्रयत्न वेगळ्या प्रकारे झाला आहे. ऑक्सफर्ड आणि रॉथमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये पानात शिरू शकणारे आणि प्रकाशात सुटणारे ट्रेहॅलोज-६-फॉस्फेटचे पूर्वरूप गव्हावर फवारून दाणा भरण्यावर चांगला परिणाम दाखवला. त्यात रोपाला अन्न म्हणून साखर दिलेली नव्हती, साखर भरपूर आहे असा निरोप दिला होता. गुळाने हे होत नाही.

तिसरा_कोंब

पर्णरंध्र, एक राहिले. जिन२-१ रसायनाने घडवलेला म्यूटंट आहे, पण एस१७७ए सारख्या परत घातलेल्या ओळी आणि कोल-० मधली टी-डीएनए ओळ ही पारजनुकीय धरली जातात. बाहेरून बी मागवताना आयात परवाना एनबीपीजीआरकडून (राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरो) लागतो, आणि पारजनुकीय ओळींसाठी तुमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरीही आधी हवी. प्रकल्पाचे वर्ष संपण्याआधी बी हातात यायचे असेल तर अर्ज आत्ताच करा. तोवर लेर आणि जिन२ वर तीन नत्रपातळ्या आणि सुक्रोज, ग्लुकोज, मॅनिटॉल, काहीही नाही असे चार प्रकार, म्हणजे बारा मीडिया, एवढे काम पूर्ण होईल.